अर्धा रस्ता

काल मुलीने इंग्रजीच्या पुस्तकातून मान वर केली. "आई, 'मीट मी हाफवे' म्हणजे काय गं?"

"घोटी," माझ्या तोंडून निघून गेलं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी भांडून नाशिकला माहेरी आले होते. हे कसाऱ्याला, रेल्वेत. आता सगळं संपलंच, असं वाटत होतं. शेवटी यांना मेसेज केला, 'मीट मी हाफवे.' थोडं तुम्ही सांभाळून घ्या, थोडं मी घेते, एवढंच म्हणायचं होतं. पण मराठीत लिहिताना रडू फुटलं असतं.

दुपारी फोन आला. "अगं, आहेस कुठे? मी केव्हाचा घोटीच्या स्टँडवर उभा आहे. अर्धा रस्ता म्हणजे घोटीच ना?"

खरा अर्थ सांगायला जीभ रेटेना. "निघालेच," म्हणाले आणि ओल्या केसांनीच बस पकडली. उतरले, तर स्टँडवर नव्या तांदळाचा वास, आणि हे भलत्याच बसच्या खिडक्यांतून मला शोधत होते.

मुलीला मी 'तडजोड' म्हणून सांगितलं. हे गेल्यापासून फोन वाजला की अजून धावते. आता अर्धा रस्ता कुठवर येतो हो? कंडक्टरकडे कुठलं तिकीट मागू?