मार देखणा नसतो

प्रमोदिनी माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांत बघत नाही, चेहऱ्यावर बघते. झोप झाली आहे का, रडून झालं आहे का, कालपासून दाढ दुखते आहे का, सगळं तिला बोलण्याच्या आधी कळतं. काही जणांना याचा राग येतो. येऊ दे, असं ती म्हणते.

तिचा त्यात इलाज नाही. मुंबईत मालिकांच्या सेटवर पंधरा वर्षं काढली तिने. त्या काळी बायकांना युनियनकडून मेकअपचं कार्ड मिळत नसे. केस विंचरा, गजरे माळा, पण चेहऱ्याला हात लावायचा तो पुरुषांनी, असा खाक्या होता. हिने हेअरड्रेसरच्या कार्डावर काम करता करता मेकअपदादांच्या मागे उभं राहून सगळं शिकून घेतलं. दादा चहाला गेले की निम्मे चेहरे हीच उरकायची, आणि श्रेय अर्थातच दादांचं. तो राग तिने अजून सोडलेला नाही, आणि का सोडावा?

आता ती बावन्न वर्षांची आहे. नवऱ्याची, अभिरामची, नेदरलँड्समध्ये हेगला नोकरी आहे, म्हणून दोघं गेली दहा वर्षं झूटरमेरला राहतात. लग्नं, भरतनाट्यम, मंडळाचा गणपती, जिथे मराठी चेहरा उजळायचा असेल तिथे प्रमोदिनी चाकांची पेटी ओढत हजर असते. दोन वर्षांपूर्वी ती विराजच्या मालिकेत शिरली.

विराज आइंडहोवनजवळच्या फेल्डहोवनचा. आठवडाभर चिप बनवायच्या यंत्रांवर काम करायचं आणि शनिवार-रविवार कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, असा उद्योगी मुलगा. मित्रांना जमवून त्याने इथल्याच एका मराठी कुटुंबाची मालिका सुरू केली आणि इंटरनेटवर टाकली. नायकाचं नाव यशोधन. मोठ्या हुद्द्यावर आहे, गातो छान, रविवारी माशाची आमटी करतो आणि मधून मधून बायकोला मारतो. मग त्याला पश्चात्ताप होतो. मग तो कालव्याच्या काठाने एकटाच सायकल ढकलत जातो आणि मागे बासरी वाजते. ती बासरी वाजली की ब्रेडापासून ॲमस्टरडॅमपर्यंतच्या आमच्या भगिनींच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं.

यशोधनचं काम करायचा गंधार. खरा गंधार ब्रेडाच्या एका गोदामाच्या कंपनीत सॉफ्टवेअर सांभाळतो, लाजाळू आहे, आणि सुपरमार्केटात त्याला कोणी ओळखतसुद्धा नाही. ओळखणार कसे? यशोधन प्रमोदिनीच्या पेटीतून निघायचा. गालफडांखाली सावली, कपाळावर मुद्दाम सोडलेली एक बट, डोळ्यांखाली थोडासा थकवा, फार नाही, हात फिरवावासा वाटेल इतकाच. मुंबईत दारुडे, खुनी, बायकांना छळणारे जमीनदार तिने याच हाताने देखणे केले होते. काम चोख व्हायचं आणि तिला त्याचा अभिमान होता.

तिचं पहिलं लग्न या सगळ्यांना माहीत नव्हतं. परळच्या दोन खोल्यांत चार वर्षं तिने मार खाल्ला होता आणि रोज सकाळी सेटवर पोचल्यावर दादा यायच्या आत स्वतःच्या अंगावरचे डाग सेटच्याच रंगांनी झाकले होते. निळ्यावर आधी नारिंगी, मग त्वचेचा रंग, मग पावडर. ही विद्या तिला कोणी शिकवली नाही. इथे ते फक्त अभिरामला ठाऊक होतं, आणि त्याने कधी खोदून विचारलं नाही.

मागच्या वर्षी शूटिंगला पोह्यांचे आणि साबुदाणा वड्यांचे डबे घेऊन रूपाली येऊ लागली. सांगलीकडची मुलगी, लग्न होऊन आठ महिने झालेले. नवरा देवदत्त हा विराजच्याच ऑफिसातला, चारचौघांत हसतमुख, सगळ्यांच्या सायकलची पंक्चर काढून देणारा. एका शनिवारी रूपाली वरच्या फडताळातून कप काढत होती, तेव्हा तिच्या कुर्त्याची बाही सरकली. प्रमोदिनीने दंड पाहिला. बाहेरच्या बाजूला चार बोटं, आतल्या बाजूला अंगठा. रंग हिरवट झालेला, म्हणजे चार-पाच दिवसांपूर्वीचा.

तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं. रूपालीने नाकारलं नाही. उलट ती हसली आणि म्हणाली, की तुमच्याकडची ती ट्यूब द्या ना, संध्याकाळी एकीकडे डोहाळजेवण आहे आणि ब्लाउजची बाही आखूड आहे. प्रमोदिनीने डॉक्टरचं नाव काढलं, तर ती म्हणाली, माझा इथे राहायचा परवाना त्यांच्या नोकरीवर आहे, मी जाऊ कुठे? मग आवाज खाली आणून, पण थोड्या कौतुकानेच म्हणाली, "आणि ताई, ते यशोधनसारखेच आहेत हो. राग येतो, पण नंतर इतकं रडतात. मनाने वाईट नाहीत."

काही सुचलं नाही की हात चालू लागतात, ही प्रमोदिनीची जुनी खोड. तिने पेटी उघडली आणि नारिंगी, त्वचेचा रंग, पावडर करत पाच मिनिटांत दंड कोरा करून दिला. रूपालीने तो आरशात वळवून वळवून पाहिला आणि म्हणाली, काही झालंच नाही असं वाटतंय. जाताना प्रमोदिनीने तिला आपला नंबर दिला आणि तिचा घेतला. त्या दिवशी झूटरमेरला परतताना गाडीत तिला स्वतःची इतकी लाज वाटली, जितकी परळलाही वाटली नव्हती. तिथे तिने निदान स्वतःला झाकलं होतं.

पुढच्या रविवारी नेमका मारानंतरच्या सकाळचा प्रसंग होता. यशोधनच्या बायकोचं काम करायची उत्तरा. विराजचं म्हणणं, गालाच्या हाडावर एक छोटासा निळा डाग पुरे. मार बसला हे कळलं पाहिजे, पण बघवणार नाही असं नको. प्रमोदिनीने मान डोलावली आणि उत्तराला खोलीत नेऊन दार लावून घेतलं. सव्वा तासाने उत्तरा बाहेर आली तेव्हा चहा पिणारे चहा प्यायचे थांबले. दंडावर चार बोटं आणि अंगठा. मानेमागे केस उपटल्याची लालभडक चकती. ओठ आतून फाटलेला, म्हणून बोलताना तोंड वाकडं होतंय. गालावर मात्र काही नाही. प्रमोदिनीने समजावून सांगितलं, की ऑफिसातल्या पार्टीला बायकोला घेऊन जाणारा माणूस गालावर मारत नाही.

विराज चिडला. तो काही बिनडोक मुलगा नाही, त्याचं म्हणणंही पोकळ नव्हतं. तो म्हणाला, ताई, मी राक्षस दाखवला तर कुठल्याच बाईला त्यात आपला नवरा दिसणार नाही, कारण घरोघरचे यशोधन गोडच असतात. प्रमोदिनीला हे पटलं. तिचाही पहिला नवरा गोड होता, नाट्यगीतं म्हणायचा, गजरा आणायचा. मग हे पुसू नकोस, ती म्हणाली, तो गोड राहू दे आणि हेही राहू दे. विराजने कपाळाला हात लावला. "ताई, असं दाखवलं तर पुढच्या भागात लोकांना तो आवडेल कसा?"

"नाही आवडला तर काय बिघडलं?" प्रमोदिनीने विचारलं.

विराजने पुसायला सांगितलं, प्रमोदिनीने पेटीला कुलूप लावून किल्ली ब्लाउजमध्ये टाकली. तो उत्तराकडे वळला, तर तीही आरशात स्वतःला बघून आल्यापासून वेगळीच झाली होती. आपण तोंड धुणार नाही, असं तिने खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं. शूटिंगसाठी ते घर दुपारी चारपर्यंतच मिळालं होतं. विराजने दात-ओठ खात कॅमेरा लावला, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसाइतकं चांगलं शूटिंग त्याच्या हातून आधी कधी झालं नव्हतं.

तो भाग मंडळाने आइंडहोवनच्या सभागृहात पडद्यावर दाखवला. रविवारची दुपार, दीडशे माणसं, बाहेर बटाटेवड्यांची टेबलं. यशोधन पडद्यावर आला तेव्हा नेहमीप्रमाणे शिट्ट्या पडल्या. सकाळचा प्रसंग आला आणि शिट्ट्या थांबल्या. शेवटी बासरी वाजली, पण ती कोणाला ऐकावीशी वाटली नाही. दिवे लागल्यावर मंडळाचे सल्लागार मनोहरराव उठले आणि म्हणाले, की आपण कुटुंबवत्सल माणसं, मुलंबाळं घेऊन येतो, असलं ओंगळ दाखवायची गरज होती का? मागून एक बाई म्हणाली, आमचा यशोधन असा नाहीये. बऱ्याच जणांनी माना हलवल्या. तिसऱ्या रांगेत देवदत्त हाताची घडी घालून बसला होता आणि शेजारी रूपाली मांडीवरच्या पर्सकडे बघत होती.

प्रमोदिनी भिंतीशी उभी होती. मेकअप करणारी माणसं पडद्यासमोर येत नसतात. ती चालत पुढे आली आणि माइक न घेताच बोलली.

"तुमचा यशोधन असाच आहे. मी त्याला दोन वर्षं देखणा करत होते, म्हणून तुम्हाला दिसला नाही. उत्तराच्या अंगावर जे पाहिलंत ते कुठल्या पुस्तकातलं नाही, माझं आहे. मी एकोणतीस वर्षांची होते तेव्हाचं. माझाही नवरा गात होता, नंतर रडतही होता. माणूस गोड दाखवायचा तर खुशाल दाखवा. पण मार देखणा नसतो, आणि तो मी यापुढे देखणा करून देणार नाही. कोणासाठीच नाही."

मनोहरराव खाली बसले. मागच्या रांगेत अभिराम उभा राहिला. देवदत्त पार्किंगची वेळ संपल्याचं सांगून उठला आणि रूपाली त्याच्या मागोमाग निघून गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. आपण आपला जीव मोकळा केला, पण घरी गेल्यावर याची शिक्षा त्या पोरीला मिळणार, हे प्रमोदिनीच्या लक्षात आलं. सोमवारी आणि मंगळवारी तिने तीनदा फोन केला. तो कोणी उचलला नाही.

बुधवारी सकाळी रूपालीचाच फोन आला. आवाज अगदी साधा होता. हाउसआर्ट्सकडे अकराची वेळ घेतली आहे, तुम्ही याल का, एवढंच तिने विचारलं. इथे फॅमिली डॉक्टरला हाउसआर्ट्स म्हणतात हे इतक्या महिन्यांत तिला पाठ झालं होतं, पण ती एकटी अजून तिथे गेली नव्हती. प्रमोदिनी होती त्या कपड्यांत निघाली, आणि पेटी तिने घरीच ठेवली.

डॉक्टर तरुण डच बाई होती. तिने रूपालीचा सुजलेला ओठ पाहिला आणि सौम्यपणे इंग्रजीत विचारलं, पडलात का? रूपालीने प्रमोदिनीकडे पाहिलं. प्रमोदिनीला इंग्रजी येतं, कामापुरतं डचही येतं, आणि सगळी वाक्यं तिच्या जिभेवर येऊन बसली होती. तिने ती गिळली. हे बोलणं दुसऱ्या कोणी करायचं नसतं, हे तिला स्वतःच्या अनुभवाने माहीत होतं.

मग रूपालीने स्वेटर काढला, दंड टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या हाताची चार बोटं त्या चार डागांवर ठेवून दाखवली. तिची बोटं लहान पडत होती. डॉक्टरने ते पाहिलं आणि कीबोर्ड पुढे ओढला.

"माझ्या नवऱ्याने केलं," रूपाली म्हणाली. तिचं इंग्रजी मोडकं होतं, पण आवाज मोडलेला नव्हता. "ते नंतर रडतात, ते लिहू नका. हे लिहा."

आणि तिने देवदत्तचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं.