मूळ संख्या, सुमारे साडेसात कोटी

नीट छापलेली बातमी दुपारपर्यंत भज्यांच्या तेलात बुडते. चुकलेली मात्र जिल्हाभर फिरते आणि वर्षानुवर्षं टिकते! धाराशिवात आयुष्य बातमीदारीत गेल्यावर माझ्याकडे असाच माल जास्त साठलाय. त्यातला हा फक्त काझी सरांचा.

कळंबचे काझी सर म्हणजे रिटायर्ड गणित शिक्षक. एसटीनं आले आणि माझ्यापुढं कागद ठेवला: ७३९३९१३३.

"मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात न्हाय. आठ वह्या भरून हातानं भागून पाहिलंय. जन्मभर पोरांच्या चुका काढल्या, आता तुमच्या पेपरात गणिताचं एक वाक्य बरोबर छापलेलं बघायचंय. बस्स!"

मी बातमी पाठवली. डेस्कवरच्या उपसंपादकाचा लगेच फोन. "सात कोटी कोणी खाल्ले?"

"कोणीच नाही."

"मग बातमी काय आहे?"

सकाळी छापून आलं: 'सुमारे साडेसात कोटी ही मूळ संख्या!'

सर तणतणत हजर. "सुमारे? अहो, साडेसात कोटीला बालवाडीतलं लेकरू पण दोननं भागंल!"

*

दुसऱ्या दिवशी एका सरकारी खात्याचा खुलासा आला. 'सदर साडेसात कोटींशी या कार्यालयाचा काहीही संबंध नाही.'

आम्ही विचारलं होतं का? नाही! शिक्का मात्र काय ठसठशीत. माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जांवर असा कधी उमटला नाही.

*

मी दुरुस्ती पाठवली. पूर्ण आकडा, अंक सुटे करून. डेस्कनं अडवली. "दोन अंक कमी आहेत. मोबाइल नंबर दहा आकडी असतो."

"मोबाइल नंबर नाही हो तो!"

"मग वाचकांनी फोन कुठं करायचा?"

*

तोवर भूमच्या एका पुढाऱ्याला सत्काराचा वास लागला. सरांना शाल, नारळ आणि पाऊण तास भाषण.

"सरांच्या आकड्याला कशानंच भाग जात नाही, ही आपल्या जिल्ह्याची शोकांतिका आहे! मला निवडून द्या, वर्षभरात भाग घालवून दाखवतो!"

टाळ्या पडल्या. काझी सरांनी शाल तोंडावरून घेतली.

*

शेवटी संपादकांशी भांडून मी दुरुस्ती पानात घालायला लावली. सकाळी पेपर उघडला आणि डोकंच फिरलं. ऐनवेळी जाहिरात आली म्हणून पान लावणाऱ्यानं आकड्याचं शेपूट छाटलेलं! 'कळंबच्या शिक्षकांच्या मते ७३९३९ ही मूळ संख्या आहे.' तीन अंक गायब!

माफी मागायला थेट कळंब गाठलं. "सर, आकडा कापला हो त्यांनी. मी आज राजीनामा फेकतो!"

सरांनी चष्मा पुसला. वाक्य दोनदा वाचलं. मग कात्रीनं कापून वहीत चिकटवलं.

"बरोबर छापलंय की! ७३९३९ पण मूळच आहे."

"काय सांगता?"

"मागून एक अंक कापा, तीन कापा, सात कापा. उरंल ती मूळच. तुमचा पेपर लई वर्षं वाचतोय, साहेब. म्हणून तर असला आकडा हुडकला!"