इस्त्रीवाली मावशी

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीला सगळे मावशीच म्हणत. हाताला चटका बसला तरी ती फुंकर मारायची आणि पुढचा शर्ट ओढायची. "उगाच कशाला लोकांच्या डोक्याला ताप?" म्हणायची.

तिच्या फुप्फुसात गाठ निघाली. डॉक्टरांनी छाती उघडून ती काढली आणि बरगड्यांच्या नसा बधिर राहाव्यात म्हणून पाठीत एक बारीक नळी बसवली. त्यातून औषध थेंबथेंब जायचं. पहिल्या दिवशी मावशी उठून बसली, मोकळेपणी खोकली, वर नर्सला म्हणाली, "ही चादर डोळे मिटून इस्त्री केली काय गं?"

दुसऱ्या दिवशी कूस बदलताना नळी सरकली. कुणाच्या ध्यानात आलं नाही. नर्स विचारायची, "मावशी, दुखतंय का?" मावशी हसून म्हणायची, "छे गं, मजेत आहे." पण खोकलं की जीव जाईल अशी कळ यायची, म्हणून ती खोकला दाबून धरायची. छातीत कफ साचला, न्यूमोनिया झाला.

नळी पुन्हा बसवताना डॉक्टर कळवळून म्हणाले, "अहो मावशी, सांगायचं नाही का?"

"तुम्हाला किती पेशंट बघायचे असतात," ती पुटपुटली.

तोवर उशीर झाला होता. आठवड्याच्या आत मावशी गेली. लेक रडत राहिली, "आईनं एकदा तरी ओरडायचं होतं."

ती नर्स आता नुसतं "दुखतंय का" विचारून पुढे जात नाही. "जरा खोकून दाखवा बघू," म्हणते आणि पेशंटच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहते.