बारा इंजिनिअर आणि एक ओली भिंत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे मीच तुम्हाला कारण देणार आहे.

तेव्हा मी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करायचो आणि शनिवारी वारज्यात आठवीच्या मुलींना फुकट गणित शिकवायचो. धडा व्यस्त चलनाचा. माणसं वाढली की दिवस कमी होतात, दोघांचा गुणाकार तोच राहतो. "हे पुस्तकातलं नाही, आयुष्यातलं आहे," असं मी दर पाच मिनिटांनी ऐकवायचो.

मुलींना घरी अभ्यासाला जागा नव्हती. म्हणून तिथल्या बुद्धविहारातली एक खोली अभ्यासिकेसाठी मिळवली. सोमवारी ती उघडायची, कारण मंगळवारी वार्षिक परीक्षा सुरू. रंगकाम मात्र बाकी.

थोरातकाका रंगारी. त्यांची करुणा माझ्याच वर्गात. ते म्हणाले, "दोन माणसं, सहा दिवस."

"म्हणजे बारा माणसं, एक दिवस."

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सर, भिंतीला विचारलंत का?"

पुणेरी टोमणा समजून मी सोडून दिला.

रविवारी ऑफिसातले बारा जण आणले. नऊला पुट्टी लावायला घेतली, दहाला चारही भिंती झाल्या. काकांनी सहा दिवस का सांगितले असतील, सांगा बरं?

"चला, दुसरा हात मारू," मी म्हणालो.

"अहो सर," काका म्हणाले, "आधी ही पुट्टी वाळू द्या. मग घासायची. मग दुसरा हात, मग प्रायमर, मग रंग. दर वेळी वाळवायचं. सहातले चार दिवस भिंतच काम करते. आम्ही चहा पितो."

मला कुठला धीर? बारा जणांच्या हातात पुठ्ठे दिले आणि भिंतींना वारा घालायला लावलं. दुपारी ओल्यावरच दुसरा हात दिला. पाच वाजता समोरच्या भिंतीवरची पुट्टी दोन्ही थरांसकट जमिनीवर उतरली.

"आता किती दिवस, काका?"

"आता आधी खरवडायचं. आठ धरा."

सोमवारी मुली विहाराच्या पायऱ्यांवर, भर उन्हात अभ्यासाला बसल्या. करुणाने पायरीवर खडूने उदाहरण लिहिलं होतं: 'एक भिंत वाळायला एक दिवस लागतो. बारा इंजिनिअर तिला वारा घालू लागले, तर किती दिवस लागतील?'

सगळ्या मुलींचं उत्तर बरोबर आलं. चुकलेला एकटा विद्यार्थी पुठ्ठा घेऊन त्यांना वारा घालत उभा होता.