गावतळ्यातली घसरगुंडी

दिवाळीला नणंद पुण्याहून आली तेव्हा तिच्याजवळ एक बॅग कमी आणि एक फळी जास्त होती. शेलूबाजारला तिला घ्यायला मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेलो होतो. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून तिने ती फळी ओढून काढली. चांगली छातीएवढी उंच, दोन्ही टोकांना वर वळलेली आणि मधोमध चक्क बूट बसवलेले.

"हे काय व?" मामाजींनी विचारलं.

"इस्त्रीची फळी हाय, बाबा. पुण्यात आता अशाच भेटतात."

"आन् हे बूट?"

"उभं राहून इस्त्री करा लागते ना!"

मामाजींनी मान हलवली. पुण्याबद्दल त्यांचं मत तसंही फार चांगलं नव्हतं.

खरं काय ते तिने मला दुसऱ्या दिवशी भांडी घासताना सांगितलं. ऑफिसच्या सहलीत ती कुठल्याशा तलावावर या फळीवर उभी राहिली होती. पाय बुटात अडकवायचे, दोरी धरायची, पुढून कुणी ओढलं की पाण्यावरून सुसाट. त्या खेळाने तिला वेडच लावलं, आणि तिने जुनी फळी विकत घेतली. "पन खरी मजा स्लायडरची हाय, वयनी," ती म्हणाली. स्लायडर म्हणजे पाण्यात ठेवलेली घसरगुंडी. वेगात यायचं, फळी पाईपावर चढवायची, पाईपभर सरकत जायचं आणि पलीकडे पुन्हा पाण्यात.

"आपल्या तळ्यात करू," ती म्हणाली.

मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "पाईप कुठले घ्याचे?"

पाईप समोरच होते. सोयाबीन निघालं होतं, हरभऱ्याला पाणी द्यायला अजून वेळ होता, आणि मामाजींचे तुषार सिंचनाचे काळे पाईप गोठ्याच्या भिंतीला रचून ठेवलेले. फवारणीचे निळे ड्रमही रिकामे. सासूबाई भाऊबीजेला कारंज्याला माहेरी गेल्या होत्या, त्यांना पोचवायला आमचे हेही गेले होते, आणि यांची मोटारसायकल दारात उभी होती. इतकं सगळं जुळून आल्यावर आम्ही तरी काय करणार!

ड्रमांवर पाईप पक्के बसवायला लोखंडी सांगाडा हवा होता. शेलूबाजारच्या वेल्डिंगवाल्या चाचांकडे गेलो. नणंदेने कागदावर चित्र काढून दिलं.

"काय बनवून राह्यल्या, बेटी?"

"तुळशीच्या लग्नाचा मांडव," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की नणंद माझ्याकडे आदराने बघायला लागली.

चाचांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "तुळशीचं लगन हाय का हत्तीचं?" पण सांगाडा त्यांनी मजबूत केला, वर लाल रंगही फासून दिला. "लग्नाचा हाय ना, मंग शोभला पाह्यजे!"

येताना तो प्रवासी जीपच्या टपावर बांधला. जीपमध्ये जो विचारेल त्याला नणंद वेगळं उत्तर देत होती. एका आजीला म्हणाली, बकऱ्यांचा झुला. एका गुरुजींना म्हणाली, मोबाईलचा टॉवर, छोटा. मी खिडकीकडे तोंड करून पदर दातात धरला होता.

मामाजी वावरात गेले की आमचं काम चालायचं. ड्रम सांगाड्याला बांधले, त्यावर सगळे पाईप जोडून दोन रांगांत शेजारी शेजारी कसले, अलीकडचं टोक पाण्यात बुडेल असं उतरतं ठेवलं. सगळं वाहून जाऊ नये म्हणून दगडांची पोती बांधून खाली सोडली. तळ्यात त्या बाजूला पाणी कमरेच्या वर नव्हतं, खाली नुसता चिखल. काठावरून बैलगाडीची वाट सरळ आमच्या वावरात जाते. मोटारसायकल त्या वाटेवर, मागे विहिरीच्या मोटारीचा दोर, दोराच्या टोकाला नणंद.

मी गाडी सोडली. मागून "धप" आवाज आला. पुन्हा सोडली, पुन्हा धप. तिसऱ्यांदा ती पाईपापर्यंत आली आणि पाईपाला मिठी मारून थांबली.

"वयनी, जोरात पळव ना! तू का दूध आनाले चालली?"

"वाटेत खड्डे हायेत, ताई!"

एवढ्यात वाटेवर मामाजी दिसले. हातात काठी, मागे गावातली पाच-सात माणसं. जीपमधल्या गुरुजींनी तळ्यातला लाल सांगाडा पाहून गावात सांगितलं होतं की तळ्यात टॉवर बसून राह्यला. मामाजींनी तळ्याकडे पाहिलं. आपले पाईप पाहिले, आपले ड्रम पाहिले, चिखलाने भरलेली आपली इंजिनिअर मुलगी पाहिली. मी गाडीवरून उतरून पदर सावरला.

"हे इस्त्री चालू हाय का?"

नणंदेने खरं ते सांगून टाकलं. मामाजींनी ऐकलं, पाईपाचा उतार पाहिला, दोर ओढून पाहिला आणि माझ्याकडे वळले.

"सूनबाई, सरक. तू बैलगाडीवानी चालवतं, म्हून पोरगी बुडून राह्यली."

त्यांनी गाडी अशी हाणली की मागे धूळच धूळ. नणंद पाण्यावर उभी राहिली, फळी पाईपावर चढली, "सर्रर्र" करत अख्खा पाईप सरकली आणि पलीकडे पाण्यात उभीच्या उभी उतरली. गावकऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. मामाजी गाडीवरून ओरडले, "पाह्यलं? पाह्यलं का कोनी?" त्यांची स्वतःची मान मात्र पुढेच होती, त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. म्हणून पुन्हा एकदा करावं लागलं.

मग मी केलं. पाईपापर्यंतही पोचले नाही, नाकातोंडात पाणी गेलं, आणि तरी पुन्हा गेले. माणसं पांगल्यावर मामाजी जरा वेळ काठावर उभे राहिले. मग धोतर खोचत म्हणाले, "उभं नाई राहत मी. बसूनच जातो."

आम्ही घरी आलो तर अंगणात सासूबाई. दुपारच्या एसटीने त्या आणि आमचे हे परत आले होते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

मी काही बोलायच्या आत मामाजी म्हणाले, "कपडे धुवाले गेली होती तळ्यावर. पाय घसरला तिचा."

"तिचा घसरला, समजलं," सासूबाई म्हणाल्या. "मंग तुमच्या मिशीले चिखल कायचा हाय?"

आधी नणंद हसली. मग आमचे हे. मामाजी मिशी पुसत तडक गोठ्याकडे गेले. तिथे भिंतीला एकही पाईप नव्हता, हे सासूबाईंच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.