तळवाडीची पहिली हाक

आदरणीय दिगंबर साळवी सर यंदा वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागताना संपादक प्रदीप, म्हणजे माझा वर्गमित्र, याने मला दोन सूचना केल्या. एक, लेख आदराने लिहावा. साप्ताहिकातल्या माझ्या सदरासारखा लिहू नये. दोन, तळवाडीचा विषय काढू नये. "सरांच्या आयुष्यातलं तेवढं एकच अपयश," तो म्हणाला, "ते सोहळ्यात कशाला?" पहिली सूचना मी जमेल तितकी पाळणार आहे. दुसरी पाळता येणार नाही. तीनदा लेख सुरू केला आणि तिन्ही वेळा दुसऱ्या परिच्छेदाशी येऊन उठलो, अंगणात फेऱ्या मारल्या, परत बसलो. तेव्हा आता जे अडलं आहे तेच लिहितो. गौरव त्यातूनच व्हायचा आहे.

सरांची आणि माझी पहिली ओळख रत्नागिरीत, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात, प्रयोगशाळेत झाली. दोघा-दोघांनी मिळून करायचा प्रयोग होता: एकाने संदेश पाठवायचा, दुसऱ्याने घ्यायचा. मी माझ्या टोकाला पुस्तकातल्यापेक्षा चांगली जोडणी केली होती आणि सरांच्या शाबासकीची वाट पाहत उभा होतो. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, जोडणी पाहिली आणि विचारलं, "उत्तम सुधारणा आहे. समोरच्याला सांगितलीस?" सांगितली नव्हती. समोरचा प्रदीप होता. त्याच्या टोकाला नुसती खरखर ऐकू येत होती आणि आपलंच काहीतरी चुकलं म्हणून तो घामाघूम झाला होता. मी हसलो. त्या हसण्याची आठवण गेली तीन वर्षं मला वेळी-अवेळी येते.

सरांच्या कामाविषयी लिहायचं तर त्यांची एक सवय आधी सांगायला हवी. त्यांचे सगळे विद्यार्थी तिला 'वाचन' म्हणतात. दोन यंत्रं जोडायची असली की दोघांनी समोरासमोर बसायचं. आपल्या टोकाचे आकडे प्रत्येकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने आपल्या कागदावर पेन्सिलीने टिंब द्यायचं. दहा ओळींचा तक्ता असो की शंभर ओळींचा, सरांपुढे वाचन कुणाला टळलं नाही. आम्हांला ते बालवाडीतल्या पाढ्यांसारखं वाटे. मी सदरात एकदा त्यावर विनोदही केला होता. सरांनी अंक वाचला आणि फक्त एक मुद्रणदोष दाखवला.

निवृत्तीनंतर इतर मंडळी नाना-नानी पार्कात जातात. सर पालीच्या आपल्या घराच्या पडवीत बसून नव्या फोनांची नियमावली वाचू लागले. पुण्याची कंपनी सोडून मी गावी परतलो, तेव्हा चौकशीला पुष्कळ जण आले. सगळ्यांना कारण हवं होतं. सर आले ते बंद पडलेलं एक सर्किट पिशवीत घेऊन. "हे चालत नाहीये. बघ जरा." बस्स, एवढंच. आठवडाभर मी त्यातच होतो. ते सर्किट सरांना पाच मिनिटांत दुरुस्त करता आलं असतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मग एका दुसऱ्या कंपनीचं काम मला मिळालं आणि सल्लागार म्हणून मी सरांना गळ घातली. काम असं होतं: देवरूखच्या बाजूला तळवाडी नावाची वस्ती दरीत आहे. तिथे टॉवरची रेंज पोचत नाही. दरीच्या काठावर, गणपत गुरवांच्या घरी मात्र ती भरपूर आहे. तेव्हा काठावर एक मध्यस्थ पेटी ठेवायची. खालचा फोन पेटीशी बोलेल, पेटी टॉवरशी. सीताकाकी नावाच्या बाई खाली राहतात; मुलगा मुंबईला. त्याच्याशी बोलायला त्या तासभर चढून गुरवांच्या अंगणात येत. गुडघे गेले आणि ते चढणंही गेलं. पेटी चालली, तर काकींना आपल्या ओट्यावरून मुलाचा आवाज ऐकता येणार होता.

यातली मेख सरांनी मला तळवाडीतच समजावली. आम्ही काकींच्या ओट्यावर होतो. काकींना वरून काही हवं होतं. त्यांनी तोंडाशी हात धरून "कूऽऽ" केलं. वरून गुरवांचा "ओऽऽ" आला. मग काकी ओरडल्या, "गणपत, मिरच्या धाड रं!"

सर एकदम ताठ बसले. "ऐकलंस? आधी कू, मग ओ, मग मिरच्या. कू कसं घालायचं हे त्यांनी आज एकमेकांना विचारलं का?"

"नाही सर."

"विचारणार कसं? विचारायलाही हाकच मारावी लागेल. फोनचंही तेच. टॉवरला हा खालचा फोन अजून माहीतच नाही. एकदा माहीत झाला की तो सांगेल, बाबा रे, तू असा बोल, इतक्या वेगाने बोल. पण त्याच्या आधीचा पहिला निरोप कुठल्या वाटेने न्यायचा? पोच येण्याची वाट किती वेळ पाहायची, निरोप किती वेळा पुन्हा पाठवायचा, निरोपाच्या क्रमांकाला जागा किती ठेवायची? ते आधीच ठरलेलं हवं. दोन्हीकडे सारखं. ते चांगलं आहे की वाईट, हा प्रश्नच नाही."

"काय बोल्तत मास्तर?" काकींनी मला विचारलं.

"तुमच्या कूबद्दल बोलतायत."

"माझ्या कूला काय झालं?"

"काही नाही काकी," सर म्हणाले, "तिच्यात कुणी सुधारणा करू नये, एवढंच."

पेटीचं काम सरांच्या देखरेखीखाली झालं, फोनच्या बाजूचं माझ्याकडे होतं. त्या पहिल्या वाटेचा तक्ता सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहून मला दिला होता. वर लिहिलं होतं, 'ठरलेले आहे.' त्यात निरोपाच्या क्रमांकासाठी बारा घरं, म्हणजे आकड्यांच्या बारा जागा, होती. मला ती अपुरी वाटली. मी फोनच्या बाजूला अठरा केली. उद्या वर्दळ वाढली तर? दूरदृष्टी म्हणून. पेटीच्या बाजूला कळवायचं राहिलं. खरं सांगायचं तर राहिलं नाही. मला वाटलं, चाचणीनंतर सांगू, सर खूश होतील.

चाचणीच्या सकाळी कंपनीचे साहेब जीपने आले. सर गुरवांच्या पडवीत दोन पेन्सिली घेऊन बसले होते. "ये, वाचून घेऊ."

"सर, साहेब खोळंबलेत. मी वाचलंय सगळं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या घड्याळाकडे. पेन्सिली खिशात ठेवल्या.

खाली काकींनी नवं लुगडं नेसून फोन हातात धरला. फोनने पहिला निरोप पाठवला. पेटीने त्यातली बारा घरं क्रमांक म्हणून वाचली आणि उरलेलं क्रमांकाचं शेपूट निरोपाच्या तोंडात गेलं. जे निघालं ते पेटीला कळेना. तिने टाकून दिलं. फोनने पुन्हा पाठवलं, पुन्हा पाठवलं, ठरलेल्या वेळा संपल्या आणि गप्प बसला. काकी "हलो, हलो" करीत राहिल्या. तासभर आम्ही झटलो. शेवटी सरांनी पेटीतली नोंद पडद्यावर उघडली, नाक पडद्याला लावून एक ओळ वाचली आणि मिटली. मग साहेबांपुढे उभे राहून म्हणाले, "दोन्ही टोकं जुळवून घेण्याची जबाबदारी माझी होती. मी वाचन करून घेतलं नाही. चूक माझी."

सर खोटं बोलत नाहीत, हीच तर पंचाईत आहे. ते खरंच बोलले; आपल्या वाट्याचं सगळं बोलले आणि माझ्या वाट्याचं माझ्यासाठी सोडलं. मी ते उचललं नाही. माझ्या नव्या नोकरीला जेमतेम सहाच महिने झाले होते. पेटी जीपमध्ये चढली, मीही चढलो. साहेब म्हणाले, "वय झालंय हो त्यांचं." मी मान हलवली. 'हो' म्हणालो नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. मान मात्र हलवली होती.

पुढे काय झालं ते या ग्रंथाच्या बहुतेक लेखकांना माहीत आहे. सरांना सल्ल्यासाठी बोलावणं थांबलं. दर आठवड्याला मी सदरात जिल्ह्यातल्या झाडून साऱ्यांच्या चुका काढत राहिलो. आणि मग प्रदीपचा फोन आला: तळवाडी वगळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालीला गेलो. सर पडवीत होते.

"सर, एक सांगायचंय. तळवाडीचं."

"अठरा ना?" सर म्हणाले.

"तुम्हांला माहीत होतं?"

"नोंद मीच वाचली ना रे."

"मग तीन वर्षं बोलला का नाहीत?"

"तुझ्याकडून यायचं ते मी कसं बोलणार?" त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "आणि मला सांगून काय करतोस? मला तर ठाऊक आहे. खाली तळवाडीत जाऊन सांग."

खाली गेलो. सीताकाकी ओट्यावर कोकमाची सोलं वाळवत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे मास्तर चुकलं नाय?"

"नाही."

"तू चुकलास."

"हो काकी."

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "मी काय बोल्ले व्हते त्यांना, ठावं हाय? त्या दिशी ते खाली आलं तवा तोंडावर बोल्ले. मास्तरांनू, आता घरात बसा, लोकांचं वाटोळं करू नका. ते 'बरं' म्हनालं. नुस्तं बरं!" मग माझ्याकडे वळल्या. "तू एवढा शिकलेला, पेपरात लिवतोस म्हनं. मंग आता सांग, मी त्यांना माफी कशी सांगू? गुडघं हे असं. फोन लागतो का हितं?"

आजपर्यंत मला ज्यांनी ज्यांनी सुनावलं, त्यांत इतकं अचूक कुणीच बोललं नव्हतं.

घरी येऊन कंपनीला पत्र लिहिलं: चूक कोणती, कुणाची, नोंदीतल्या कुठल्या ओळीत दिसते, सगळं. साहेबांनी मला जे ऐकवलं ते आदरयुक्त मराठीत बसत नाही. पण पेटी पुन्हा पाठवायला ते तयार झाले, सरांनी आधी तपासून दिली तर. सर म्हणाले, देतो; वाचन होणार असेल तर. परवा ते झालं. पालीच्या पडवीत समोरासमोर बसलो.

"क्रमांकाची घरं?"

"बारा."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुन्हा."

"बारा, सर."

टिंब पडलं. पंचाहत्तराव्या वर्षीही ते चौकटीच्या बरोबर मधोमध होतं.

तेव्हा प्रदीप, लेखातून हे वगळायचं असेल तर संपूर्ण लेख वगळ. सरांच्या आयुष्यातलं म्हणून जे अपयश तुम्ही सगळे सौजन्याने झाकत आहात, ते त्यांचं नाही. त्यांनी ते तीन वर्षं सांभाळून ठेवलं होतं, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसं. ज्याचं आहे तो आज ते सर्वांसमक्ष घेऊन जात आहे.

सोहळ्यानंतरच्या आठवड्यात गणपत गुरवांच्या पडवीत पेटी बसेल. ती चालेलच, असं मी लिहिणार नाही; मागच्या वेळी माझी खात्रीच होती. पण चालली तर पहिला फोन मुलाला करायचा नाही, असं काकींनी ठरवून टाकलं आहे. "तो काय, गनपतीला येतोच," त्या म्हणाल्या. त्यांना मास्तरांशी बोलायचं आहे.

सरांना मी उदंड आयुष्य चिंततो. गुडघे शाबूत राहोत, नजर अशीच चष्म्यावरून येत राहो, आणि पुढची पुष्कळ वर्षं आम्हांला त्यांच्यासमोर बसून आकडे वाचावे लागोत. पेटी बसेल त्या दिवशी सर पालीला, पडवीत, फोनजवळच असावेत. दरीतून हाक यायची आहे. त्यांनी ओ द्यावी.