पित्ताची गोळी लिंगापुढं

बायको गेली, तिला आमच्या लिंगायत रीतीनं मातीत बसवून आलो, त्यानंतर देवावरचा विश्वास राहिला, माणसांवरचा उडाला. डॉक्टर, औषधवाला, शेजारी, सगळे मला फसवायलाच बसलेत असं वाटायचं. त्यात अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे झाले आणि न्हाणीत नुसता हात टेकला तर डावं मनगट मोडलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, यकृतातल्या पित्ताच्या नळ्या खराब झाल्यात, पित्त आतड्यात नीट उतरत नाही, त्यामुळं ड जीवनसत्त्व अंगी लागत नाही आणि हाडं ठिसूळ झालीत. हाडांसाठी गोळ्या दिल्या आणि यकृतासाठी पित्तापासूनच केलेली एक गोळी.

पित्ताची म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. पित्त कुणाचं? औषधवाल्याला विचारलं तर तो हसला. "आजोबा, गोळी गिळा की, चौकशी कशाला?" अशा हसणाऱ्याचा मला संशयच येतो. आम्ही लिंगायत, घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही. हाडांच्या गोळ्या घेतल्या, ती तेवढी ठेवून दिली. खाज वाढतच गेली.

पुन्हा दाखवायला गेलतो, तेव्हा मुलगा मला दवाखान्याच्या दारात सोडून कागलला कामावर गेला. घाईत पूजा राहिली होती. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय मी पाणी पीत नाही. दुपार होत आली, चक्कर यायला लागली, म्हणून बाकावरच लिंगाची चांदीची डबी उघडली. पण प्लास्टरमधला हात थरथरायला लागला. लिंग पडेल या भीतीनं मी ते परत डबीत ठेवलं. शेजारची एक बाई केव्हापासून डबीकडं बघत होती. हिचा डोळा चांदीवर आहे, असंच मनात आलं.

"पूजा राह्यलीया व्हय, अप्पा?"

"तुमाला काय करायचंय?"

"मला काय करायचं न्हाय. खालनं हात धरू का?"

मी काही बोलायच्या आतच तिनं प्लास्टरखाली आपला तळवा लावला. लिंगाला बोट लावलं नाही. हात थांबला. बायको गेल्यापासून माझ्या हाताला असा कुणाचा हात लागला नव्हता. पूजा झाली, पण जप दोनदा चुकला.

मग तिनं औषधाचं विचारलं. मी गोळीचा संशय सांगितला.

"डॉक्टरला इचारलासा?"

"न्हाय."

"मग हितं बसून कुणाशी भांडताय? आत जाऊन भांडा की!"

गेलो. डॉक्टर म्हणाले, "खोटं सांगत नाही. कच्चा माल बहुतेक वेळा जनावराच्या पित्तातूनच येतो, मग कारखान्यात त्याचं रूप पालटतं. तुमच्या धर्मात बसतं का, ते मी सांगू शकत नाही. पण यकृतासाठी पहिलं औषध हेच. हाडांच्या गोळ्यांनी यकृत सांभाळलं जाणार नाही." खोटं बोलून मला गप्प करणं त्यांना किती सोपं होतं! माझं भांडण तिथंच विरलं.

"जनावराचंच हाय, अक्का," बाहेर येऊन मी म्हणालो. आता तीही घेऊ नका म्हणेल, असं वाटलं.

तिनं पिशवीतनं भाकरीचा डबा काढला. "जेवाण लिंगाला दाखवून खाता न्हवं? मग ह्येबी दाखवा. जे काय असंल ते त्यो बघंल."

तिनं पुन्हा हात धरला. जन्मभर मी देवापुढं शुद्ध, निवडलेलं, स्वच्छ तेवढंच ठेवलं होतं. डॉक्टरला दाखवायला आणलेली गोळी काढली, शंका असलेली वस्तू पहिल्यांदा ठेवली. म्हणालो, "मला ह्यातलं कळत न्हाय. तू बघ." तिच्या डब्यातली भाकरी खाल्ली आणि गोळी गिळली.

नंतर खाज हळूहळू कमी झाली. आजार गेलेला नाही, जाईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. हा चमत्कार होता का, मला ठाऊक नाही. बाई त्या दिवशी स्वतःच्या गुडघ्यासाठी आली होती, नंबर लागला तशी लंगडत आत गेली. औषधवाल्याला मी अजूनही दोनदा विचारतो. पण पूर्वी खात्रीचं तेवढं देवाला द्यायचो आणि संशय स्वतःजवळ ठेवायचो, आता तोही त्याच्यापुढं ठेवतो. अक्काचं नाव विचारायचं राहून गेलं. रोज पूजेत तिच्या नावाचं म्हणून एक बेलपान जास्त वाहतो.